पिस्तुलाची वेगवेगळी कॅलिबर जिलेटीनमध्ये आणि क्रोनोग्राफवर: प्रकल्प नोंदी

8 मार्च 2025, शनिवार. यादी, हत्यारं, नळीची मापं

ठिकाण: टेक्सासमधली खासगी मोकळी रेंज, मागे मातीचा उंच बांध. मोजायचं ते तीन गोष्टींपुरतं: नळीतून सुटतानाचा वेग (तो मोजायचं यंत्र म्हणजे क्रोनोग्राफ), दहा टक्के जिलेटीनमध्ये (मांसाच्या जागी वापरायच्या जेलीच्या ठोकळ्यात) गोळी किती खोल जाते, आणि तिचं तोंड किती उघडतं. ‘स्टॉपिंग पॉवर’ (गोळीची समोरच्याला जागीच थांबवायची ताकद) नावाची चीज मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही, तेव्हा तो वाद बाजूला.

भारतात ही चाचणी घरगुती पातळीवर शक्य नाही. 9 मिमी तिथे प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप) आहे, आणि परवान्यावर मिळणारं रिव्हॉल्व्हर बहुधा .32 चं असतं. तिकडच्या वाचकाला ओळखीचा एक तरी आकडा मिळावा म्हणून .32 एस अँड डब्ल्यू लाँग यादीत मुद्दाम ठेवलं आहे.

हत्यारं: 9×19 साठी ग्लॉक 17 आणि आखूड नळीचं ग्लॉक 43, .40 साठी ग्लॉक 22, .45 एसीपीसाठी ग्लॉक 21, .380 साठी खिशात मावणारं पिस्तूल, .38 स्पेशलसाठी पावणेदोन इंचाच्या थोडं वरच्या नळीचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, .32 साठी चार इंची रिव्हॉल्व्हर. पहिली तीन मोठी पिस्तुलं एकाच घराण्यातली घेण्याचं कारण साधं आहे. 17 आणि 22 ची नळी 4.49 इंच, 21 ची 4.61. म्हणजे फरक दिसला तर तो काडतुसाचा, नळीचा नाही.

इथेच पहिली गोम आहे. पिस्तुलाची नळी मोजताना चेंबर (काडतूस बसायची जागा) धरतात, रिव्हॉल्व्हरची मोजताना सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) सोडतात. त्यामुळे ‘चार इंची पिस्तूल’ आणि ‘चार इंची रिव्हॉल्व्हर’ ही तुलना मुळातच लंगडी. हत्यार रिकामं आहे याची दोनदा खात्री करून, ब्रीच (नळीचं मागचं तोंड) बंद ठेवून, पुढून लाकडी दांडी घालून खूण केली आणि प्रत्येकाचं माप एकाच पद्धतीने घेतलं. पुढचे सगळे आकडे त्याच वहीत.

15 मार्च, शनिवार. क्रोनोग्राफ

दोन पडद्यांचा, सावलीवर चालणारा साधा क्रोनोग्राफ. पहिला तास वाया गेला. .45 ची 230 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला 1,400 फुटांच्या वर दाखवायला लागली, जे अशक्यच. यंत्र मझलपासून (नळीच्या पुढच्या तोंडापासून) सात फुटांवर होतं. मझलमधून येणारा वायू आणि न जळलेले दारूचे कण गोळीच्या आधी पडद्यांवरून जात होते आणि घड्याळ भलत्याच वेळी चालू-बंद होत होतं. यंत्र पंधरा फुटांवर नेलं, आकडे ताळ्यावर आले. पंधरा फुटांत 9 मिमीचा वेग दहा-बारा फुटांनी उतरतो, पण सगळ्या कॅलिबरना तेच अंतर ठेवल्यावर तुलनेला बाधा नाही.

दुसरी अडचण उन्हाची. लख्ख उन्हात वरच्या पांढऱ्या छत्र्या लागतातच. ढग आले की त्याच छत्र्या उजेड खातात आणि दर तिसरी-चौथी गोळी ‘एरर’ देते. ढगाळ हवेत त्या काढाव्या. तिसरी अडचण बिजागरीची. यंत्र मधोमध दुमडतं, आणि पूर्ण उघडलं नाही तर पडद्यांमधलं अंतर कमी होतं. एका फुटात आठवा भाग इंच कमी पडला की वेग एक टक्का जास्त दिसतो, म्हणजे 9 मिमीवर अकरा फूट. पाणसळ ठेवून, बिजागरी ताठ करून, मगच सुरुवात. रडारवर चालणारं यंत्र हाताशी असेल तर या तिन्ही कटकटी टळतात.

दर काडतुसाच्या दहा गोळ्या, सरासरी वेग फूट प्रति सेकंद, कंसात ज्यूल:

9 मिमी, 124 ग्रेन, पूर्ण नळी: 1,120 (468)
9 मिमी, 147 ग्रेन, पूर्ण नळी: 985 (430)
.40, 180 ग्रेन: 990 (531)
.45, 230 ग्रेन: 835 (483)
.380, 90 ग्रेन: 930 (234)

पाच गोळ्यांवरून पसारा (वेगांमधला चढउतार) काढू नये. पाच-पाचच्या दोन फैरींत .40 चं प्रमाण विचलन एकदा 7 आणि एकदा 15 आलं, डबी तीच. दहा गोळ्या हा किमान आकडा धरावा, आणि तरीही दोन डब्यांमधल्या दहा-पंधरा फुटांच्या फरकावर कुणाशी वाद घालू नये.

दुपारी गाडीत राहिलेली डबी आणि सावलीतली डबी यांच्या वेगात फरक पडतो. सगळी काडतुसं शीतपेटीत, पण बर्फ न घालता, एकत्र ठेवली.

22 मार्च, शनिवार. रिव्हॉल्व्हर आणि पुंगळीतली रिकामी जागा

.38 स्पेशलचे आकडे पहिल्यांदा काही केल्या जुळेनात. 158 ग्रेनची शिशाची गोळी एकदा 640, एकदा 695. क्रोनोग्राफवर संशय घेण्याआधी पुंगळी (काडतुसाची दारू भरलेली धातूची नळी) डोळ्यासमोर आणावी. ही काडतुसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहेत. .32 लाँग 1896 चं, .38 त्यानंतर दोनेक वर्षांनी आलेलं, आणि पुंगळीची लांबी काळ्या दारूच्या हिशोबाची. आजची धूररहित दारू त्या पुंगळीचा थोडासाच भाग भरते. नळी खाली झुकवून हळूच वर आणली की दारू गोळीकडे साचते, नळी किंचित वर धरून आणली की टोपीकडे, म्हणजे पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागाकडे. टोपीकडची दारू जास्त एकसारखी पेटते आणि वेग वाढतो.

हे तपासायला नळी आभाळाकडे करायची नाही. रेंजवर तशी मनाईच असते आणि ती बरोबर आहे. नळी बांधाच्या माथ्याच्या आत ठेवून जितकी वर नेता येते तितकी न्यायची, हत्याराच्या अंगावर बोटाने दोन टिचक्या मारायच्या, आणि सावकाश सपाटीला आणायची. खाली झुकवून आणताना तसंच. टिचकी मारताना बोट चापाच्या कडीबाहेर, सरळ.

निकाल: .38 ला वरून आणल्यावर सरासरी 690, खालून आणल्यावर 642. .32 ला (98 ग्रेन, गोल तोंडाचं शिसं) 692 आणि 655. 9 मिमीला हाच प्रयोग केला तर फरक सात-आठ फुटांचा, म्हणजे नेहमीच्या पसाऱ्यात बुडून जाणारा, कारण तिची पुंगळी आखूड आणि बऱ्यापैकी भरलेली. यापुढे रिव्हॉल्व्हरची प्रत्येक गोळी ‘खालून सपाटीला’ याच पद्धतीने. म्यानातून काढल्यावर नळी खालूनच वर येते, तेव्हा खरा आकडा तोच.

कुठल्याही तक्त्यात .38 चा वेग दिसला तर तो कुठल्या नळीचा आहे ते आधी पाहावं. 158 ग्रेनचा छापील 755 हा चार इंची चाचणी नळीचा आहे. आखूड रिव्हॉल्व्हरमधून तो मिळत नाही.

29 मार्च, शनिवार. जिलेटीन

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो या कामाने. पावडर 250-ए प्रतीची ऑर्डनन्स जिलेटीन. किराणा दुकानातली जेलीची पावडर चालत नाही, कारण तिचा ताठरपणा ठरावीक नसतो. ठोकळा 6×6×16 इंच, म्हणजे सुमारे 9.4 लिटर. एका ठोकळ्याला 970 ग्रॅम पावडर आणि 8.73 किलो पाणी. दोन्ही वजनाने घ्यायचं, मापाने नाही. दहा टक्के म्हणजे एकास नऊ. एकास दहा केलं की नऊ टक्के होतं आणि पुढचं सगळं मातीत.

पद्धत: फ्रीजमधल्या गार पाण्यात पावडर थोडी थोडी भुरभुरत घालायची, एकाच दिशेने ढवळायचं. गरम पाण्यात घातली तर गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत सुटत नाहीत. दोन तास फ्रीजमध्ये फुगू द्यायची. मग पातेल्यात पातेलं ठेवून, बाहेरच्या पाण्याच्या उबेवर वितळवायची. मिश्रण 40 अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. फेस आला तर दालचिनीच्या तेलाचे चार-पाच थेंब, फेस बसतो आणि बुरशीही लांब राहते. साच्याला आतून स्वयंपाकाच्या तेलाचा हात फिरवायचा.

पहिला ठोकळा थेट शेगडीवर वितळवला होता. थर्मामीटर वरच्या थरात 39 दाखवत होता, पण पातेल्याचा तळ त्याहून कितीतरी तापलेला. दिसायला ठोकळा उत्तम, काचेसारखा. कसोटीत काय झालं ते पुढच्या नोंदीत.

पेट्रोलियमपासून केलेलं पारदर्शक कृत्रिम जेल तयार मिळतं, खोलीच्या तापमानाला टिकतं आणि वितळवून पुन्हा वापरता येतं. ते मुद्दाम टाळलं. त्यात गोळ्यांचं वागणं खऱ्या जिलेटीनसारखं नसतं, त्यामुळे ते आकडे आणि हे आकडे एका ओळीत मांडता येत नाहीत. शिवाय आत तेलाची वाफ पेटून ठोकळ्यात जाळ चमकतो. व्हिडिओत छान दिसतो, मोजमापाला कुचकामी.

5 एप्रिल, शनिवार. छर्ऱ्याची कसोटी

ठोकळ्याचा ताठरपणा बरोबर आहे की नाही हे पाहायचा नियम असा: .177 चा पोलादी छर्रा सेकंदाला 590 फुटांनी (15 इकडे तिकडे) मारायचा, तो 8.5 सेंटीमीटर खोल जायला हवा, एक सेंटीमीटर कमी-जास्त चालेल. पंप मारून दाब भरायची एअरगन यासाठी सोयीची, कारण पंपांच्या संख्येवर वेग बसवता येतो. छर्रा क्रोनोग्राफवरूनच ठोकळ्यात जायला हवा. ‘इतक्या पंपांना इतका वेग’ असं घरी बसवून रेंजवर गृहीत धरलं तर वॉशर तापल्यावर आकडा सरकतो.

शेगडीवरच्या ठोकळ्यात छर्रा 11.2 सेंटीमीटर गेला. बाद. जास्त तापलेल्या जिलेटीनचा ताठरपणा जातो आणि गोळी त्यात खोटी खोल जाते. या ठोकळ्यात कसोटी न करता गोळ्या मारल्या असत्या तर सगळी कॅलिबर तीन-चार इंच ‘जोरदार’ ठरली असती. इंटरनेटवरच्या तुलनांमध्ये छर्ऱ्याचा आकडा नसेल तर ती पुढे वाचायचे कष्ट घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत.

उरलेले ठोकळे पातेल्यात पातेलं ठेवून केलेले, 4 अंशांवर छत्तीस तासांहून जास्त ठेवलेले: 8.4 ते 8.9. पास.

एक ठोकळा मुद्दाम उन्हातल्या टेबलावर सोडला. फ्रीजमधून काढल्या काढल्या 8.7, पंचवीस मिनिटांनी 9.9. बाहेरून हाताला गारच लागत होता. पुढचा दंडक: शीतपेटीतून काढल्यापासून पंधरा मिनिटांत त्या ठोकळ्याचं काम आटपायचं, आणि छर्रा सुरुवातीला एक, शेवटी एक. शेवटचा 9.5 च्या पुढे गेला तर त्या ठोकळ्याच्या शेवटच्या गोळीचा आकडा खोडायचा.

12 एप्रिल, शनिवार. उघडा ठोकळा

अंतर दहा फूट. ठोकळ्यामागे दुसरा ठोकळा खेटून, त्यामागे वाळूच्या पिशव्या. एका ठोकळ्यात तीनच गोळ्या. चौथी बसवायला गेलं की तिची वाट आधीच्या फाटलेल्या भागातून जाते आणि खोली वाढते. कडेपासून दीड इंच सोडायचं.

सुरुवातीला प्रत्येकातली एक साधी पूर्ण जॅकेटची (शिशावर धातूचं अखंड आवरण असलेली) गोळी. 9 मिमी आणि .45 दोन्ही पहिला ठोकळा पार करून दुसऱ्यात आठ-दहा इंच शिरल्या. न उघडणारी गोळी कुठलंही कॅलिबर असो, भरपूर खोल जाते. त्या बाबतीत तुलनेसारखं फार काही उरत नाही.

मग पोकळ तोंडाच्या गोळ्या (लागल्यावर तोंड उघडून रुंद होणाऱ्या), तीन-तीन, सरासरी इंचात. आधी खोली, मग उघडलेला व्यास:

9 मिमी, 124: 13.6, 0.62
9 मिमी, 147: 14.8, 0.60
.40, 180: 14.4, 0.68
.45, 230: 13.9, 0.74
.380, 90: 9.8, 0.56

शिशाच्या गोळ्या पोकळ नव्हत्या. .38 ची सपाट तोंडाची 148 ग्रेनची वॉडकटर 16.3 इंचांवर, व्यास जसाच्या तसा. .32 ची गोल तोंडाची पहिल्या ठोकळ्याबाहेर पडून दुसऱ्यात दोन-तीन इंच.

मोजताना लक्षात ठेवायचं: गोळी थांबल्यावर जिलेटीन तिला थोडं मागे ढकलतं. तिच्या पुढे बारीक चीर दिसते, ती गोळीच्या नाकाने केलेली. माप चिरेच्या टोकापर्यंत घ्यायचं, गोळीपर्यंत नाही. .45 ला हा फरक पाऊण इंचापर्यंत निघाला. ठोकळा टेबलावर पसरून लांबतो, म्हणून फुटपट्टी साच्याच्या तळाच्या फळीवरच ठेवायची. व्यास व्हर्नियरने, सगळ्यात रुंद आणि सगळ्यात अरुंद जागेची सरासरी. पाकळ्यांच्या कडा पत्र्यासारख्या कापतात, चामड्याचे मोजे हवेत.

अमेरिकेत पोलीस चाचण्यांची किमान खोली 12 इंच धरतात आणि 18 च्या पुढची जास्त समजतात. हा आकडा एफबीआयने 11 एप्रिल 1986 च्या मायामीतल्या चकमकीनंतर बसवला. तिथे 9 मिमीची एक गोळी दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. त्यातून आधी 10 मिमी, मग 1990 मध्ये .40, आणि 2010 च्या दशकाच्या मध्याला फिरून 9 मिमी. वरचे आकडे पाहिले की ते परत फिरणं समजतं. तीन मोठ्या कॅलिबरच्या खोलीत जेवढा फरक आहे तेवढा एकाच डबीतल्या दोन गोळ्यांतही सापडतो. व्यासात मात्र क्रम कायम राहिला, आणि तो .45 ने राखला. त्याची किंमत मॅगझिनमध्ये दिसते: 17 मध्ये सतरा, 22 मध्ये पंधरा, 21 मध्ये तेरा.

19 एप्रिल, शनिवार. चार पदरी डेनिम

गोळी कपड्यातून गेली तर काय होतं ते पाहायला जाड डेनिमचे चार पदर, एकदा धुऊन खळ काढलेले, ठोकळ्याला चिकटून लावलेले. दर गोळीला कापडाची नवी जागा.

इथे कॅलिबरपेक्षा गोळीची घडण बोलली. 9 मिमीची 124 ग्रेनची नव्या बनावटीची गोळी तिन्ही वेळा उघडली: 15.1 इंच, व्यास 0.57. जुन्या बनावटीची, त्याच वजनाची आणि त्याच वेगाची, तीनपैकी एकदा मुळीच उघडली नाही आणि दुसऱ्या ठोकळ्यात गेली. बाहेर काढून पाहिली तर पोकळीत निळ्या सुताचा घट्ट बोळा बसलेला. तोंड बंद झालं की ती साध्या जॅकेटच्या गोळीसारखीच वागते. .45 चीही एक अशीच गेली. .40 तिन्ही वेळा उघडली, 15.8 आणि 0.64.

.380 ने दोन्हीकडून नन्नाचा पाढा लावला. उघड्या ठोकळ्यात उघडते, पण दहा इंचांत थांबते. डेनिममधून उघडतच नाही आणि 17 इंचांवर जाते. आखूड नळी, हलकी गोळी, कमी वेग: तोंड उघडायला जोर खर्च केला की पुढे जायला काही उरत नाही. छोट्या पिस्तुलात पोकळ तोंड घ्यावं की साधी गोळी, हा वाद म्हणूनच मिटत नाही.

26 एप्रिल, शनिवार. आखूड नळी

ग्लॉक 43, नळी 3.41 इंच. त्याच डबीची 124 ग्रेन: 1,068, म्हणजे एका इंचाच्या फरकाला पन्नासेक फूट. जिलेटीनमध्ये 13.9 आणि 0.58. उघड्या ठोकळ्यात जवळपास मोठ्या पिस्तुलाइतकंच, डेनिममधून तीनपैकी दोन उघडल्या. 147 ग्रेनला नळी आखूड केल्याचा फटका कमी बसला, तीसच फूट.

मझलची झळ आखूड नळीला जास्त. क्रोनोग्राफ मझलपासून आणखी तीन फूट लांब न्यावा लागला.

3 मे, शनिवार. 25 आणि 50 यार्ड

टेकूवरून, दर कॅलिबरला एकच नेमबिंदू. गणिताने 25 यार्डांवर 9 मिमी (124) सुमारे 0.9 इंच पडते आणि .45 सुमारे 1.6. फरक पाऊण इंचाचा, आणि टेकूवरूनही गोळ्यांचा पुंजका अडीच इंचांचा. कागदावर काही दिसलं नाही, दिसायलाही नको होतं. 50 यार्डांवर 9 मिमी चार इंचांच्या आत, .45 साडेसहाच्या पुढे. तिथे फरक डोळ्यांना दिसतो, पण नेमाच्या पट्टीची उंची जुळवली की संपतो.

हिसक्यासाठी ग्रेन गुणिले वेग, भागिले हजार. 9 मिमी 124 चा 139, 147 चा 145, .40 चा 178, .45 चा 192. स्पर्धांमधली ‘मायनर’ची (हलक्या काडतुसांच्या गटाची) किमान रेषा 125. .40 चा झटका .45 पेक्षा या आकड्यात कमी, पण हातात जास्त चटका देणारा. त्याचा दाब 35,000 पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) मर्यादेचा, .45 चा 21,000 च्या. शिवाय ग्लॉक 22 चं अंग 21 पेक्षा हलकं.

4 मे, रविवार. खर्च आणि आवराआवर

पावडर आणि पोकळ तोंडाच्या गोळ्या यांवर जवळपास सारखेच डॉलर गेले, प्रत्येकी अडीचशेच्या आसपास. साध्या गोळ्या त्याहून बऱ्याच स्वस्त. स्वस्त करायचंच असेल तर वेगाचा भाग साध्या गोळ्यांवर उरकू नये. पोकळ तोंडाची गोळी आणि साधी गोळी एकाच वजनाची असली तरी वेग वेगळा येतो.

वापरलेलं जिलेटीन पुन्हा वितळवता येतं, पण दुसऱ्या वेळी छर्रा 9.3 पर्यंत गेला, तिसऱ्या वेळी 10 च्या पुढे. सराव आणि पद्धत बसवायला ते ठेवावं, नोंदीला नाही. त्यात शिशाचे कण असतात, तेव्हा ते पातेलं स्वयंपाकघरात परत आणू नये आणि जिलेटीन कुत्र्याच्या तोंडी लागेल असं टाकू नये.

.357 मॅग्नम राहिलं. छापील 158 ग्रेन 1,235 ची डबी आणून ठेवली आहे. चार इंची रिव्हॉल्व्हर आणि सिलिंडर आणि नळी यांमधली फट मोजायचा फीलर गेज मिळाला की त्याची नोंद इथेच, याच पद्धतीने.